घाटावरून मुंबईत राहायला येताय? आधी भरतीची वेळ काढायला शिका

नागपूर, अकोला, जळगाव, संभाजीनगरकडून मुंबईत बिऱ्हाड हलवताना कूलर सामानात भरू नका. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, आणि त्यासाठी हवा कोरडी लागते. मुंबईच्या हवेत वाफ आधीच भरपूर असते. इथे कूलर लावला की गारवा येत नाही, खोलीतली ओल तेवढी वाढते. दोन दिवसांत गादी दमट लागते आणि आठवड्याभरात भिंतीला वास येतो. त्या पैशात छताला चांगला पंखा आणि स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा.

बेचाळीस अंशांच्या उन्हातून आलेला माणूस इथल्या तेहतीस अंशांत बेजार होतो, कारण घाम वाळत नाही. अंग गार होण्याचा रस्ताच बंद असतो. सुती, सैल कपडे घाला. घामाचा सदरा दिवसभर अंगावर ठेवू नका. पायाच्या बोटांमधली जागा रोज कोरडी पुसा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच नायटा किंवा चिखल्या होतात. घर बघायला जाल तेव्हा पश्चिमेची खिडकी उघडते का, हे पाहून घ्या. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि त्याच बाजूने आत येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेचा जमिनीवरचा वारा जोरात असला की हा खारा वारा उशिरा सुटतो, आणि त्या दिवशी मुंबई भाजून निघते.

भरतीची वेळ तिथीवरून

मुंबईत लोकलचं वेळापत्रक सगळे सांगतात, समुद्राचं मात्र नव्या माणसाला कोणी सांगत नाही. मासळी कधी स्वस्त, पावसात रस्ता कधी तुंबणार, हाजीअलीला कधी जायचं, चौपाटीवर पोराला कधी पाण्यात सोडायचं, हे सगळं त्याच्यावर ठरतं. ते काढायला मोबाइलही लागत नाही. स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेवर तिथी असतेच.

कोकण किनाऱ्यावर चालणारा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. आज पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि रात्रीही जवळपास तेव्हाच दुसरी. त्यापासून सव्वासहा तास मागे-पुढे गेलं की पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी साडेनऊ आणि रात्री दहा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून एक, दोन, तीन अशीच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे भर दुपारी बारा वाजता ओहोटी.

हे जुळतं, कारण पौर्णिमा-अमावास्येला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती बाराच्या आसपास असते आणि पुढे चंद्राबरोबर रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून काठावरची वेळ कधी धरू नका. ठाण्याच्या किंवा वसईच्या खाडीत आत जाल तसा आणखी उशीर होतो. बोट पकडायची असेल किंवा खडकावर उतरायचं असेल तर त्या दिवसाचा छापील तक्ता पाहाच.

भरतीची ताकदही रोज सारखी नसते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि जास्त करून त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार लहान असतो, त्याला भांग म्हणतात. कोळीवाड्यात ‘आज भांग आहे’ असं कानावर पडलं तर त्याचा अर्थ हा. आता दोन गोष्टी जोडून पाहा. उधाण पौर्णिमा-अमावास्येला, आणि त्या दिवशी भरतीची वेळ बारा. म्हणजे मुंबईत मोठी भरती कायम भर दुपारी आणि मध्यरात्री येते. सकाळ-संध्याकाळच्या भरत्या लहान असतात.

पावसाळ्यात ‘आज साडेचार मीटरच्या लाटा’ अशी बातमी येते आणि नवा माणूस घाबरतो. ती लाटांची उंची नसते. ठरावीक खालच्या खुणेपासून मोजलेली ती पाण्याची पातळी असते. लाटा तिच्यावर वेगळ्या. साडेचार मीटरच्या वरची भरती महापालिका मोठी मानते आणि पावसाळ्यापूर्वी अशा दिवसांची यादी जाहीर करते. ती यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी निघा आणि ओहोटीनंतर दोन तासांच्या आत परत या. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी जायचं ठरवलंत तर वाट बुडालेली मिळेल. त्या दिवशी सकाळी लवकर जा. अष्टमी-नवमीला दुपारची वेळ चालते. जुहू किंवा गिरगाव चौपाटीवर पाणी उतरत असताना कमरेच्या पुढे जाऊ नका. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढत आत नेतं आणि पोहता येणाराही दमतो. मालाडचा आक्सा किनारा तर यासाठी बदनामच आहे, तिथे पाय भिजवण्यापलीकडे काही करू नये. मरीन ड्राइव्हच्या चौपायी सिमेंटच्या ठोकळ्यांवर उतरणारे रोज दिसतात. त्यांच्यावर शेवाळ असतं आणि खाली पोकळी. घसरलेल्या माणसाला वर काढायला अग्निशमन दल लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चौपाट्यांवर निळ्या फुग्यांसारखे जेलीफिश येतात, वाळूत मेलेले दिसले तरी डंख मारतात. डंख झालाच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

पाऊस आणि भरती एकत्र आली तर

सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्याच्या जवळपास तिप्पट. २६ जुलै २००५ रोजी तिथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. पण शहर तुंबतं ते नुसत्या पावसाने नाही. रस्त्यावरचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं आणि बऱ्याच नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मोठी भरती असली की त्या तोंडांवरची दारं बंद करावी लागतात, नाहीतर समुद्रच गावात शिरतो. मग पाणी उपसायचं काम हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा उदंचन केंद्रांवरच्या पंपांवर येतं. त्या दोन-तीन तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला तर पंपही पुरे पडत नाहीत.

म्हणून पावसाच्या दिवशी सकाळी दोन गोष्टी बघायच्या: हवामान खात्याचा इशारा आणि तिथी. अष्टमीच्या आसपास जोरदार पाऊस असेल तर पाणी साचतं, पण उतरतंही. अमावास्येनंतरचा दुसरा दिवस, लाल इशारा आणि दुपारी एकची भरती असं जुळून आलं तर अकराच्या आत जिथे पोहोचायचं तिथे पोहोचा आणि तीनपर्यंत तिथेच थांबा. लोक नेमकं उलटं करतात. पाऊस वाढला म्हणून साडेबाराला ऑफिसातून निघतात आणि भर भरतीत हिंदमाता, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेपाशी अडकतात. रेल्वेत सायन-कुर्ला, चुनाभट्टी आणि वसई-नालासोपारा या पट्ट्यांत रुळांवर पाणी आधी येतं. घर त्यांच्या पलीकडे असेल तर अलीकडे रात्र काढण्यासारखं एक ओळखीचं घर जूनआधीच ठरवून ठेवा.

साचलेल्या पाण्यातून चालावंच लागलं तर जपून, हळू चाला. गटारांची झाकणं कडेला असतात तशी रस्त्याच्या मधेही असतात, आणि पाणी जावं म्हणून कधी उघडलेली असतात. हातात छत्रीची काठी असेल तर पुढे टेकवत जा. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा. अशा पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो या तापाचे जंतू येतात आणि पायावरच्या बारीक जखमेतून आत शिरतात. पाण्यातून चालून आल्यावर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. महापालिकेच्या दवाखान्यात यासाठी जाता येतं. चामड्याचे बूट मेच्या अखेरीस पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून माळ्यावर ठेवा. चार महिने रबरी किंवा प्लास्टिकची, मागे पट्टा असलेली पादत्राणं वापरा. मागे पट्टा नसलेली चप्पल पाण्यात पहिल्याच वळणावर वाहून जाते.

घरात कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, नाहीतर मागे बुरशीची काळी नक्षी उमटते. प्रमाणपत्रं, दस्तऐवज प्लास्टिकच्या बंद पिशव्यांत ठेवा. मिठाच्या बरणीत तांदळाचे आठ-दहा दाणे टाका. पोहे, रवा एकदम महिन्याचे भरू नका. रवा आणलात की कोरडा भाजून डब्यात भरा. कपड्यांना कुबट वास येतो तो धुण्यात कसूर झाली म्हणून येत नाही, कपडे फार वेळ ओले राहतात म्हणून येतो. रोज थोडे धुवा, दोन कपड्यांमध्ये हातभर जागा सोडा आणि पंख्याचा झोत आडवा मारा.

लोकल, थोडक्यात

मुंबईचा पत्ता म्हणजे स्टेशन आणि त्याची बाजू, पूर्व की पश्चिम. बाजू चुकली की पुलावरून परत, आणि रिक्षा केली असेल तर वीस मिनिटं वाया. रिक्षा पश्चिम उपनगरांत वांद्र्यापर्यंत आणि पूर्व उपनगरांत शीव म्हणजे सायनपर्यंतच. माहीमपासून खाली शहरात काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. मीटरचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाला २६ रुपये आणि टॅक्सीला ३१ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जास्त.

गर्दी सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे. शक्य असेल तर पहिला आठवडा साडेसातच्या आतली गाडी धरा. इंडिकेटरवर गाडीचं शेवटचं स्टेशन, स्लो की फास्ट, डबे बारा की पंधरा आणि किती मिनिटांत येणार हे दिसतं. चारही वाचल्याशिवाय चढू नका. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे संध्याकाळी बोरिवलीला जायला विरार फास्ट पकडणं. दाराशी विरारचे लोक दाटून उभे असतात आणि बोरिवलीला उतरायला वाट मिळत नाही. ज्या स्टेशनला उतरायचं तिथेच संपणारी गाडी, नाहीतर स्लो. मध्य रेल्वेवरही तोच नियम: ठाण्याला जायचं तर ठाणा लोकल बरी, कर्जत-कसारा नको.

पाठीवरची बॅग पुढे घ्या. उतरण्याच्या दोन स्टेशनं आधी उठा आणि पुढच्याला विचारा, ‘दादर उतरणार?’ तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा, ‘नाही’ म्हणाला तर जागा बदला. प्लॅटफॉर्म कुठल्या हाताला येणार हेही तेव्हाच विचारा. बसायला मिळालं आणि कोणी ‘जरा सरका’ म्हणालं तर सरका. तिघांच्या बाकावर चौथी सीट हा इथला रिवाज आहे. तिकीट नसताना सापडलात तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड. महिन्याचा पास काढा. रविवारी बाहेर पडण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, कुठल्या मार्गावर आहे ते पाहा.

कोळणीकडून मासळी घेताना

घाटावरच्या माणसाला मासळीबाजार म्हणजे वास आणि आरडाओरडा वाटतो. चार गोष्टी कळल्या की यासारखा आनंदाचा बाजार दुसरा नाही.

पहिली, दिवस. रविवार, बुधवार, शुक्रवारी मराठी घरांत मासे शिजतात म्हणून गर्दी आणि भाव दोन्ही चढे. सोमवार, गुरुवार, शनिवारी बरीच घरं पाळतात. तुम्हाला वार नसेल तर तेव्हा जा, कोळीण निवांत असते आणि चार गोष्टी शिकवते.

दुसरी, उधाण. बोंबील, मांदेली, करंदी (बारीक कोळंबी), जवळा (त्याहून बारीक) ही डोलीच्या जाळ्याची मासळी. डोल म्हणजे पाण्यात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात येते. ओढ जोरात तेव्हा जाळं भरलेलं. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या पुढेमागे बोंबील मुबलक, आणि भांगात कमी. सुरमई, पापलेट, बांगड्याचं गणित वेगळं, त्यांच्या बोटी लांब जातात.

तिसरी, ताजेपणा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत बसलेला, धुरकट नको. कल्ला उचलून बघायला सांगा: लाल हवा, तपकिरी नको. बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये. पापलेटचा कल्ला दाबल्यावर पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर-पिवळं आलं तर पुढे चला. बोंबील पांढराशुभ्र, तोंडाशी गुलाबी झाक असलेला घ्या. पिवळा पडलेला घेऊ नका. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, तोंड मिटलेल्या असाव्यात. उघडी असेल तिला टिचकी मारा, मिटली तर जिवंत. शिजवल्यावर जी उघडत नाही ती टाकून द्या. चिंबोरी, म्हणजे खेकडा, हातात घेऊन तोला, आकाराच्या मानाने जड हवी. अमावास्येची भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं कोळणी सांगतात.

चौथी, बोलणं. वजन बहुतेक ठिकाणी नसतं. लहान मासळी वाट्याने म्हणजे लहान ढिगाने, बांगडे-पापलेट नगावर किंवा जोडीने. ‘मावशी, वाटा कसा दिला?’ अशी सुरुवात करा. पहिल्या भावाच्या निम्मा मागणं इथे अपमान समजतात. त्यापेक्षा ‘दोन वाटे घेते, बरोबर सांगा’ म्हणा, किंवा वर मूठभर करंदी मागा. घेणार नसाल तर मासा उलटापालटा करू नका, सकाळची भवानी व्हायची असेल तर मुळीच नाही. भाव ठरला की साफ करून मागा आणि काय करणार ते सांगा. कालवणाला जाड तुकड्या, तळायला पातळ. डोकं हवं असेल तर आधीच सांगा, कालवणाची चव त्यातच असते.

ओल्या बोंबलाने सुरुवात करा. नव्या माणसाचा तो हमखास मोडतो, कारण त्यात पाणीच जास्त. सहा बोंबील डोकं काढून, पोटाकडून उभे चिरून उघडा आणि मधला काटा काढा. धुऊन पाटावर स्वच्छ फडक्यात ओळीने पसरा, वर दुसरं फडकं, वर दुसरा पाट, आणि त्यावर वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं. अर्धा ते पाऊण तास. फडकं भिजून निथळतं आणि बोंबील पानासारखा चपटा होतो. मग अर्धा चमचा हळद, दीड चमचा मालवणी किंवा साधं तिखट, एक चमचा आलं-लसणाचं वाटण आणि मोठा चमचाभर कोकमाचं आगळ चोळा. आगळ खारट असेल तर मीठ बेतानेच, आणि तेही तळण्याच्या अगदी आधी, कारण मीठ लागलं की पुन्हा पाणी सुटतं. अर्धी वाटी तांदळाचं पीठ आणि दोन मोठे चमचे रवा एकत्र करून त्यात दाबून घोळवा. तव्यावर तेल चांगलं तापवून मध्यम आचेवर ठेवा, तव्यात तीनच. कड तांबूस होऊन आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावू नका. घाईने उलटला तर सालपट तव्याला आणि मांस हातात. झाकण तर ठेवूच नका, वाफेने पुन्हा लिबलिबीत होतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा बाजारात बर्फातली, लांबून आलेली मासळी असते आणि थोडी खाडीतली. चिंबोऱ्या, निवट्या (चिखलातले लहान मासे), खाडीची कोळंबी यांवर भागवा आणि बर्फातल्या सुरमईला ताज्याचा भाव देऊ नका. मेमध्येच सुकी मासळी भरून घ्या: बोंबील, जवळा, सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी). घेताना वाकवून बघा. सुका बोंबील कटकन मोडला पाहिजे. लवतो तो आतून ओला, महिन्याभरात त्याला किडे लागतात. घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात कागद घालून भरा. गरम भरलात तर झाकणाखाली घाम धरतो आणि डबाभर मासळी फुकट जाते. जवळा लागेल तेवढाच काढा, कोरड्या हाताने.